पावतीपुस्तक घेऊन बसले, पण रेडिओसाठी

पहिला फोन वाजला तो मी उचललाच नाही. हात पुढे गेला होता, पण ऐनवेळी धीर सुटला. शेजारच्या आजींनी नुसती भुवई वर करून माझ्याकडे बघितलं आणि तोवर पलीकडच्या टेबलावरच्या मुलानं तो घेतलासुद्धा. दुसरा मात्र उचलला. कागदावर लिहून दिलेलं वाक्य घडाघडा म्हटलं, विस्कॉन्सिन पब्लिक रेडिओला फोन केल्याबद्दल आभार वगैरे, मग पलीकडच्या बाईंनी नाव सांगितलं, रक्कम सांगितली, आणि गाव सांगितलं ओकोनोमोवॉक. मी म्हटलं, स्पेलिंग सांगता का प्लीज. त्या जोरात हसल्या. म्हणाल्या, अडलीस की ओ घाल, बरोबर येतं.

मी क्षीरसागर. अमेरिकेत पाय ठेवल्यापासून बँकेत, दवाखान्यात, लायब्ररीत सगळीकडे के, एस, एच करत स्वतःचं स्पेलिंग सांगत फिरणारी, आणि आज कुणीतरी मला आपल्या गावाचं स्पेलिंग सांगत होतं. तिथंच भीती मोडली.

ही गोष्ट फेब्रुवारी २०१३ ची, विस्कॉन्सिन राज्यातल्या मॅडिसनची. बाहेर मेंडोटा तलाव गोठून पांढरा झालेला आणि आम्ही विलास हॉल नावाच्या विद्यापीठाच्या इमारतीत (आपल्या विलासशी काही संबंध नाही, कुण्या विलास घराण्याचं नाव आहे, पण मला ते फार घरचं वाटायचं) टेलिफोन मांडून रेडिओसाठी वर्गणी गोळा करत बसलेलो. तिकडे याला प्लेज ड्राइव्ह म्हणतात. मी मनातल्या मनात वर्गणीच म्हणायचे, आणि अजूनही मला दुसरा शब्द पटत नाही.

आता मी तिथं पोचले कशी ते सांगते. नवरा विस्कॉन्सिन विद्यापीठात पोस्टडॉक (पीएचडीनंतरचा संशोधक) होता, माझ्या व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नव्हती, आणि ईगल हाइट्स म्हणून विद्यापीठाची क्वार्टर्स आहेत तिथं आम्ही राहायचो. त्या क्वार्टर्सना लागून भाजीचे वाफे आहेत, अर्ज करून मिळतात, आम्हाला एक मिळाला. मेथी, कोथिंबीर, मिरच्या, टोमॅटो. मेथी मस्त आली, टोमॅटोची पानं मात्र खालून करपायला लागली, तर शेजारच्या वाफ्यातल्या बाई म्हणाल्या शुक्रवारी सकाळी ९७० एएम लाव, लॅरी माइलरचा बागेचा शो असतो, लोक फोन करून विचारतात. लावला. कुणी विचारतंय सफरचंदाला काळे ठिपके का पडतात, कुणी विचारतंय ससे बीन्स खातात काय करू, आणि विद्यापीठातला तज्ज्ञ अगदी घाई न करता उत्तर देतोय, मध्ये एकही जाहिरात नाही. मला एकदम आकाशवाणी सांगली आठवली. आजोबांची मिरजेकडं शेती, संध्याकाळी ट्रान्झिस्टर ओट्यावर, शेतकऱ्यांचा कार्यक्रम आणि बाजारभाव चालू असताना घरात कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. हळदीचा भाव, गुळाचा भाव. तोच सूर इथं सात समुद्रापार इंग्रजीत लागला होता. मग रेडिओ स्वयंपाकघरात दिवसभर सुरूच राहायला लागला.

आणि मग पानगळीच्या दिवसांत एक दिवस अचानक तेच आवाज पैसे मागायला लागले. खरं सांगते, मला लाज वाटली, त्यांची नाही, कशाची कोण जाणे. चांगला कार्यक्रम मध्येच थांबवून निवेदक म्हणतोय की तुम्ही ऐकता ना, मग फोन करा, नंबर हा घ्या. दहा मिनिटं तेच. पुन्हा कार्यक्रम, पुन्हा तेच. मी नवऱ्याला म्हटलं हे काय भिकेचे डोहाळे, एवढं मोठं विद्यापीठ, सरकारी रेडिओ, आणि हात पसरतायत? तो म्हणाला सरकारी नाहीये बहुतेक. म्हणजे आहे पण नाही. त्यालाही धड माहीत नव्हतं.

आमच्याकडे आजोबांचं रेडिओच्या लायसन्सचं पुस्तक होतं, अजून कपाटात असेल. पूर्वी रेडिओ बाळगायचा तर दरवर्षी पोस्टात पैसे भरून शिक्का मारून आणायला लागायचा. ते बंद झालं, नंतर खासगी एफएम आले, ते जाहिरातींवर चालतात. म्हणजे रेडिओचे पैसे कुणी द्यायचे याची दोनच उत्तरं मला माहीत होती, सरकार नाहीतर साबणवाला. तिसरं उत्तर असं की ऐकणाऱ्यानं द्यावं, पण सक्ती नाही, दिले नाहीत तरी ऐकायला मोकळा. हे मला अजिबात चालण्यासारखं वाटेना. आणि तरी हा रेडिओ तेव्हा नव्वदीच्या पुढे गेलेला. मग उत्सुकता चाळवली. हिवाळ्यात घरात बसून वेड लागायची वेळ आलेली, रेडिओवरच सांगितलं की फोन घ्यायला व्हॉलंटियर हवेत, नाव दिलं. बिनपगारी काम असल्यामुळे व्हिसाचाही प्रश्न नव्हता.

८० नंबरची फुकट बस ईगल हाइट्सवरून कॅम्पसमध्ये जाते, तिनं गेले. ट्रेनिंग अर्ध्या तासाचं. फॉर्म कसा भरायचा, नाव दोनदा विचारायचं, रक्कम परत म्हणून दाखवायची, एकरकमी की दर महिन्याला ते विचारायचं, थँक्यू म्हणून कॉफीचा मग किंवा कापडी पिशवी हवी का ते विचारायचं. बरेच लोक काही नको म्हणतात, तेवढे पैसे रेडिओलाच राहू देत. आणि वाद घालायचा नाही. कुणी फोन करून तक्रार केली की अमुक निवेदक फार बोलतो तर लिहून घ्यायचं, बाजू घ्यायची नाही.

शेजारच्या आजी तिथल्या जुन्या. सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी शाळेत शिक्षिका, किती वर्षं येत होत्या त्यांनाच आठवत नव्हतं. फोन नसले की विणकाम काढायच्या आणि बोलायच्या. या रेडिओचा जो काही इतिहास मला कळला तो निम्मा त्यांच्याकडून आणि निम्मा नंतर लायब्ररीत बसून, कारण एकदा कळायला लागलं की सोडवेना.

तर सुरुवात कुणी नट, गायक, व्यापाऱ्यानं केलेली नाही. फिजिक्सच्या प्रोफेसरनं केली. अर्ल टेरी त्यांचं नाव. विद्यापीठाला प्रयोगासाठी बिनतारी संदेशाचं लायसन्स मिळालं होतं, कॉल साइन, म्हणजे स्टेशनची ओळख-अक्षरं, ९एक्सएम, आणि १९१६ च्या डिसेंबरपासून हे लोक हवामानाचा अंदाज मोर्स कोडमध्ये, म्हणजे कड्डकट्ट करत, रोज पाठवायला लागले. हवामानाचाच का, तर विस्कॉन्सिन हे दुधाचं, गवताचं, बटाट्याचं राज्य, आणि अंदाज टपालानं खेड्यात पोचेपर्यंत शिळा व्हायचा, पाऊस पडून गेल्यावर पाऊस पडेल असं कार्ड. पुढे त्यात बाजारभाव आले. मला हे वाचून इतकं बरं वाटलं! विद्यापीठाच्या रेडिओचं पहिलं काम व्याख्यान नव्हतं, शेतकऱ्याला उद्या गवत कापू की नको ते सांगणं होतं.

व्हॅक्यूम ट्यूब, म्हणजे रेडिओच्या यंत्राला लागणाऱ्या काचेच्या निर्वात नळ्या, तेव्हा बाजारात अशा सहज मिळायच्या नाहीत, आवाज पाठवायला लागणाऱ्या मोठ्या तर नाहीच. टेरी आणि त्यांचे विद्यार्थी त्या लॅबमध्ये स्वतः बनवायचे, काच फुंकून, आतली हवा काढून, तारा बसवून. एक ट्यूब बनवायला दिवसेंदिवस जायचे आणि कधी कधी ती लावल्या लावल्या उडायची. पुन्हा पहिल्यापासून. सांगतात की १९१७ च्या सुमारास त्यांनी मित्रमंडळींना घरी बोलावून लॅबमधून सोडलेलं तबकडीवरचं गाणं हवेतून ऐकवलं, तर पाहुण्यांना गंमत वाटली पण याचा उपयोग काय असं झालं. साहजिक आहे. आपणही तेच म्हटलं असतं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि अमेरिका त्यात उतरली तशी देशातली खासगी, हौशी स्टेशनं सरकारनं बंद करायला लावली. ९एक्सएमला मात्र परवानगी राहिली, कारण शिकागोच्या वरच्या अंगाला ग्रेट लेक्सचा नौदलाचा तळ आहे, त्यांच्याबरोबर प्रयोग चालू होते. म्हणून हे स्टेशन सलग चालू राहिलं आणि याच सलगपणावर ते आपल्याला देशातलं सगळ्यात जुनं स्टेशन म्हणवतात. कॅम्पसवर तशी पाटीच आहे. पिट्सबर्गचे केडीकेए स्टेशनवाले नोव्हेंबर १९२० चं निवडणुकीचं प्रसारण दाखवून पहिला मान आमचा म्हणतात. हा वाद मिटायचा नाही, कारण पहिलं कशाला म्हणायचं तेच ठरलेलं नाही, मोर्स धरायचा की माणसाचा आवाज, प्रयोग धरायचा की रोजचा नेम. ३ जानेवारी १९२१ पासून मॅडिसनहून हवामान रोज बोलून सांगायला लागले, आणि १३ जानेवारी १९२२ ला डब्ल्यूएचए हे नाव मिळालं. आपल्याकडे मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं, एवढा हिशोब मी तिथल्या तिथं करून आजींना सांगितला, त्यांना फार कौतुक वाटलं.

त्या ट्यूब बनवणाऱ्या पोरांतला एक माल्कम हॅन्सन, तो पुढे रिचर्ड बर्ड या अमेरिकन संशोधकाच्या अंटार्क्टिका मोहिमेवर रेडिओ सांभाळायला गेला. मॅडिसनच्या थंडीत काम केल्यावर अंटार्क्टिका काय मोठं, असं आजी म्हणायच्या. बाहेर उणे वीस होतं, त्यामुळं विनोद कळला मला.

टेरी १९२९ ला वारले. आणि त्यानंतरचा काळ या रेडिओला खरा अवघड गेला असणार, कारण तेव्हा अमेरिकेत विद्यापीठांची रेडिओ स्टेशनं धडाधड बंद पडत होती. विसाच्या दशकात कॉलेजांनी, शाळांनी हौसेनं दोनशेच्या आसपास लायसन्सं घेतली होती, १९३७ पर्यंत त्यातली चाळीससुद्धा उरली नव्हती. पैसा नाही, वर मंदी, आणि जाहिरातवाल्या स्टेशनांना त्याच फ्रिक्वेन्सी हव्या होत्या. आज आपण म्हणतो अमेरिकेत रेडिओ म्हणजे धंदा, तर तो आपोआप तसा झालेला नाही, इतरांना आधी बाहेर काढून झालेला आहे. हे स्टेशन टिकलं त्याचं एक कारण मला तरी असं वाटतं की ते प्रोफेसरांच्या कौतुकासाठी नव्हतं. राज्याच्या शेती खात्याचंही एक स्टेशन होतं, डब्ल्यूएलबीएल, विस्कॉन्सिन लँड ऑफ ब्यूटिफुल लेक्स अशी त्या अक्षरांची फोड करून सांगतात. शेतकरी पाठीशी असले की आमदार जरा जपून बोलतात, हे सांगलीत आणि विस्कॉन्सिनात सारखंच.

आणि दुसरं कारण शाळा. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये स्कूल ऑफ द एअर सुरू झालं. खेड्यात एका खोलीची शाळा, एकच शिक्षिका, चौथीपर्यंतची, आठवीपर्यंतची सगळी पोरं एकत्र, ती बिचारी गाणं कधी शिकवणार, चित्रकला कधी शिकवणार. मग वर्गात रेडिओ लावायचा. एडगर गॉर्डन म्हणून संगीताचे प्रोफेसर, पॉप गॉर्डन म्हणायचे त्यांना, ते स्टुडिओतून गाणं शिकवायचे, एकमेकांना कधी न बघितलेली हजारो मुलं आपापल्या गावात तेच गाणं म्हणायची, आणि वसंतात ती सगळी मॅडिसनला गोळा होऊन एकत्र गायची. रेंजर मॅक म्हणून एकजण झाडं, पक्षी, जंगल सांगायचा.

हे सगळं मी पुस्तकातून आलेलं म्हणून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला, अगदी बारीक म्हातारा आवाज, राज्याच्या पश्चिमेला मिसिसिपीच्या काठच्या कुठल्या गावाहून. रक्कम पंचवीस डॉलर. फॉर्मवर शेवटी एक ओळ असते, तुम्हाला काय सांगायचंय. ते विचारलं. त्या बाई म्हणाल्या, मी आठ वर्षांची असताना आमच्या शाळेत रेडिओवर पॉप गॉर्डन शिकवायचे, शाळेत पियानो नव्हता. आणि त्यांनी फोनवर गायलाच सुरुवात केली. दोन ओळी. आवाज थरथरत होता पण सूर पक्का. मी काय बोलावं ते सुचेना. आजींनी माझ्या चेहऱ्याकडे बघून विणकाम थांबवलं. फॉर्मच्या ओळीत मी लिहिलं, गाऊन दाखवलं. एवढंच लिहिता आलं.

आता एक माझा घोळ पण सांगते, नाहीतर वाटेल की सगळं गोडच होतं. संध्याकाळी गर्दी असते, लोक ऑफिसातून घरी जाताना ऐकतात. तेव्हा चॅलेंज ग्रँट लागला होता. म्हणजे काय, तर कुणी एक देणगीदार म्हणतो की या तासात इतके फोन आले तर मी वरचे एवढे देतो. आपल्याकडे शेठ सांगतात ना मंडळाला, गल्लीतून पाच हजार आणा, पुढचे पाच माझे, अगदी तेच. सगळे फोन एकदम वाजायला लागले, एका माणसानं दहा डॉलर सांगितले, आणि मी घाईत दर महिन्याला या चौकोनात टिक केली. विद्यार्थी होता तो, त्यानं मोठ्या मुश्किलीनं एकदाच दहा द्यायचं ठरवलेलं आणि मी त्याला वर्षाचे एकशेवीस लावले. फॉर्म तपासणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं, कारण मी खाली शेवटच्या ओळीत त्याचंच वाक्य लिहिलं होतं की पुढच्या वर्षी नोकरी लागली तर जास्त देईन. त्यांनी त्याला परत फोन लावून विचारलं. मला कुणी काही बोललं नाही, पण मी घरी जाऊन जेवले नाही नीट. पावती चुकीची फाडली की कसं वाटतं ते मंडळात काम केलेल्यालाच कळेल.

तिसऱ्या दिवशी फोन थंड होते तेव्हा एका इंजिनिअरनं आम्हा दोघीतिघींना आत फिरवलं. मला वाटलेलं भिंतभर बटणं असतील. तसं काही नाही, छोट्या छोट्या खोल्या, जाड दारं, कॉम्प्युटरच्या स्क्रीन, आणि सगळीकडे घड्याळं. तिथं घड्याळ हाच मालक. तासाच्या सुरुवातीला वॉशिंग्टनहून एनपीआरच्या, म्हणजे नॅशनल पब्लिक रेडिओच्या, बातम्या येतात, त्या पाचेक मिनिटांत संपल्या की इथल्या माणसानं सेकंदावर उडी मारायची, जरा उशीर झाला की शांतता आणि जरा घाई झाली की दोघं एकमेकांवर बोलणार. आणि दर तासाला कॉल साइन आणि गावाचं नाव म्हणायचंच, कायदा आहे. आता हे एक स्टेशन नाही, राज्यभर पसरलेलं जाळं आहे, त्यामुळं ती नावं एकापाठोपाठ एक येतात, डब्ल्यूएचए मॅडिसन, डब्ल्यूएलबीएल ऑबर्नडेल, आणखी कितीतरी. मी स्वयंपाक करताना ती यादी ऐकायचे तेव्हा मला आरतीनंतर म्हटलेल्या मंत्रपुष्पासारखी वाटायची, अर्थ कळत नसला तरी लय पाठ.

मालक कोण हे पण तिथंच नीट कळलं. काही लायसन्सं विद्यापीठाच्या नावावर आणि काही राज्याच्या एज्युकेशनल कम्युनिकेशन्स बोर्डाच्या नावावर, दोघांनी मिळून चालवायचं. म्हणजे घर दोघा भावांचं, चूल एक. मला एक शंका होती ती विचारून टाकली. दोन वर्षांपूर्वी, २०११ च्या फेब्रुवारीत, गव्हर्नर स्कॉट वॉकरनं सरकारी नोकरांच्या युनियनचे हक्क कमी करणारा कायदा आणला तेव्हा हजारो लोक मॅडिसनच्या कॅपिटॉलमध्ये, म्हणजे तिथल्या विधान भवनात, जाऊन बसले होते, शिक्षक, नर्सेस, विद्यापीठातली पोरं. रेडिओवरचे बातमीदार पगारानं विद्यापीठाचे, विद्यापीठ राज्याचं, मग त्यांनी ती बातमी कशी दिली? इंजिनिअर म्हणाला, दोन्ही बाजूंनी शिव्या खाल्ल्या, म्हणजे बरी दिली असावी. हे उत्तर जरा तयार केलेलं वाटलं मला. पण आपल्या आकाशवाणीवर असा प्रश्न कुणाला विचारता तरी आला असता का हाही विचार आला.

जाहिरात नाही म्हणतात पण दुकानांची नावं तर येतात, ते कसं, हेही विचारलं. त्याला अंडररायटिंग म्हणतात. नाव सांगायचं, काय विकतात ते सांगायचं, पण सगळ्यात उत्तम म्हणायचं नाही, किंमत सांगायची नाही आणि आजच या म्हणायचं नाही. गणपतीच्या स्मरणिकेत खाली बारीक अक्षरात सौजन्य अमुक ट्रेडर्स असतं ना, तेवढंच. हा नियम मला फार आवडला, आजच या म्हणायचं नाही!

अजून एक गंमत एएमची. ९७० ला दिवसा ५ किलोवॅट, सूर्य मावळला की पॉवर अगदी नावापुरती करायला लागते. कारण रात्री वातावरणाच्या वरच्या थरातून एएमच्या लाटा परतून लांब लांब जातात आणि दुसऱ्याच राज्यातल्या स्टेशनवर जाऊन आदळतात. आमच्या लहानपणी रात्री सांगली लावताना मध्येच कुठलं तरी परदेशी केंद्र घुसायचं ते यामुळंच. म्हणून या लोकांनी १९४७ पासून एफएमवर जोर दिला, टेकड्यांवर टॉवर उभे करत राज्यभर नेलं. तिकडे एफएमच्या पट्ट्यात ८८ ते ९२ हा डावीकडचा तुकडा शिक्षणासाठी राखून ठेवलेला आहे, सरकारनं १९४५ ला ठरवलं, म्हणून अमेरिकेत कुठल्याही गावात गाडीचा रेडिओ अगदी डावीकडे फिरवला की असलं काहीतरी सापडतं. आम्ही नंतर प्रवासात कायम तसंच करायचो.

पब्लिक रेडिओ हा शब्द मात्र बराच नंतरचा. १९६७ ला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी कायदा केला, केंद्राकडून पैसे द्यायला कॉर्पोरेशन फॉर पब्लिक ब्रॉडकास्टिंग काढलं, १९७० ला एनपीआर आलं. आणि एनपीआरचा पहिला कार्यक्रमप्रमुख बिल सीमरिंग, तो विस्कॉन्सिनचाच, लहानपणी शाळेत हेच स्कूल ऑफ द एअर ऐकलेला, विद्यार्थी असताना इथंच काम केलेला. ३ मे १९७१ ला ऑल थिंग्ज कन्सिडर्ड हा एनपीआरचा संध्याकाळचा बातम्यांचा कार्यक्रम सुरू झाला तो त्याच्या हातून. आजी हे अशा सांगायच्या जणू पुतण्या आहे.

आजींचा स्वतःचा आवडता कार्यक्रम चॅप्टर अ डे. रोज अर्धा तास एक पुस्तक वाचून दाखवायचं, बस. सुरुवात १९३० च्या आसपासची, पाहुणा आलाच नाही म्हणून हॅरल्ड मॅकार्टी हातातलं पुस्तक वाचत बसले असं सांगतात, आणि ते अजून चालूच. कार्ल श्मिट नावाचे गृहस्थ त्यावर कित्येक दशकं वाचत होते. दुपारी साडेबाराला तो लागला की आमच्या खोलीत फोन वाजायचेच नाहीत. पैसे मागायलाही कुणी मध्ये बोलायचं नाही. आणि पुस्तक संपलं रे संपलं की एकदम सगळ्या लाइन पेटायच्या. मला यातून जे कळायचं ते कळलं, कुठल्याही ट्रेनिंगपेक्षा जास्त.

पाच दिवस गेले मी. शेवटच्या दिवशी मी पण फॉर्म भरला, वीस डॉलर, एकरकमी, चौकोन तीनदा तपासून. आजींनी तो घेतला, म्हणाल्या स्पेलिंग सांग. मी सांगितलं. त्यांनी एकही चूक न करता लिहिलं, पाच दिवस गळ्यातल्या बिल्ल्यावर बघत होत्या म्हणे.

आम्ही २०१६ ला पुण्यात परत आलो. इथं विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, १०७.४ वर, छोटी पॉवर, आमच्या औंधच्या घरात लागतं. पण आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच द्यायला लागतात, आणि कुणी ऐकणाऱ्याकडे वर्गणी मागितलेली मी तरी ऐकली नाही. हवा ही जनतेची मालमत्ता आहे हे आपल्या सुप्रीम कोर्टानं १९९५ ला सांगितलं, आणि ते सांगणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते, आपलेच. त्यावर पुढं एवढंच झालं याचं मला वाईट वाटतं, पण तो वेगळा विषय, कधीतरी सविस्तर लिहीन.

मॅडिसन मी अजून मोबाइलवर ऐकते. तिकडची सकाळ म्हणजे आपली संध्याकाळ, पोळ्या करताना लागतं. २०२५ च्या जुलैत बातमी ऐकली की अमेरिकेच्या काँग्रेसनं पब्लिक ब्रॉडकास्टिंगचे दोन वर्षांचे १.१ अब्ज डॉलर काढून घेतले, आणि ऑगस्टच्या पहिल्या तारखेला ते कॉर्पोरेशनच गाशा गुंडाळणार असं जाहीर झालं. १९६७ पासूनचं. सरकार हे उत्तर गेलं, साबणवाला आधीपासूनच नव्हता. राहिली वर्गणी.

त्या रात्री नवरा झोपल्यावर लॅपटॉप उघडला. दर महिन्याला हा चौकोन, यावेळी मुद्दामच. मग नको, पिशवी नको. शेवटी ती ओळ होतीच, तुम्हाला काय सांगायचंय. बराच वेळ बसले आणि रिकामीच सोडली. नाव मीच टाइप केलं, स्पेलिंग विचारायला कुणी नव्हतं.